शनिवारची मंडळी

"तुमच्या भावाबद्दल चार शब्द बोलाल का?" असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं तेव्हा मी म्हटलं, चार कशाला, चारशे बोलते. जन्मभर बसस्थानकात माईकसमोर बसून गाड्या पुकारल्या मी. माझा आवाज ऐकू आला नाही अशी तक्रार आजवर एकाही प्रवाशाने केलेली नाही. पण फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. दादाला जाऊन जेमतेम महिना झाला होता आणि मी अजून त्याच्यावर रागावलेलीच होते.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणे. का नाही रागवायचं? माणूस गेला म्हणून राग काय त्याच्याबरोबर जातो? तो आपल्याच घरात राहतो, सकाळी आपल्याबरोबर उठतो.

रागाचं कारण माझा मुलगा. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून आम्ही त्याला ढब्बू म्हणायचो. आता पाप्याचं पितर झालंय, पण नाव तेच. ढब्बू फौजेत गाडी चालवायचा. सामान वाहणाऱ्या ट्रकांचा लांबलचक ताफा असतो, त्यातली एक गाडी त्याची. गेल्या वर्षी नोकरी सोडून आला तो चांगला धडधाकट. हात, पाय, नाक, डोळे, सगळं जागच्या जागी. आणि घरात येऊन बसला तो बसलाच. बोलणं बंद. गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही. मित्र आले की झोपेचं सोंग. दोन घास खाल्ले की "झालं माझं". मी आधी लाडात विचारलं, मग ओरडून विचारलं, मग रडून विचारलं. "काही नाही गं आई." संपलं.

एके दिवशी काय माझ्या मनात आलं, मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली. त्याला म्हटलं, मोडली. त्याने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि टॉवेल खांद्यावर टाकून आत गेला. मी का काढली ते त्याला कळलं होतं. त्याला कळलंय हे मला कळलं होतं. पण त्यावर एक अक्षर कोणी बोललं नाही. असं आमचं घर चाललं होतं.

आणि माझा सख्खा भाऊ कोण? तर फौजेतून आलेल्या माणसांच्या मनाचा डॉक्टर! लांबलांबून लोक त्याच्याकडे यायचे. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "दादा, जगाला बरं करतोस, आता घरच्याला कर."

"मी त्याचा मामा आहे," तो म्हणाला. "मामाला त्याचा डॉक्टर होता येत नाही."

"का येत नाही? काय कायदा आहे?"

"आहे. आणि नसता तरी मी केलं नसतं. तो मला जे सांगेल ते नंतर आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसेल, प्रत्येक जेवणाला. मग त्याला मामाही राहणार नाही आणि डॉक्टरही. डॉक्टरीणबाईंकडे पाठव. त्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत."

पाठव म्हणे! पोरगं खोलीतून बाहेर येईना, आणि म्हणे पाठव. मी नाही नाही ते बोलले. तो ऐकून घेत राहिला. डावा कान माझ्याकडे करून, हे वेगळं सांगायला नकोच. दादाला डाव्या कानाने काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही, आणि मी चिडले की तो मुद्दाम तोच कान पुढे करायचा.

पण दर रविवारी तो आमच्याकडे यायचा. मामा-भाचे मागच्या पायरीवर पत्ते खेळत बसायचे. मी स्वयंपाकघरातून कानात प्राण आणून ऐकायचे. ऐकू काय यायचं, तर पत्ते पिसल्याचा आवाज. मधेच दादा म्हणायचा, "लबाडी करतोस." ढब्बू म्हणायचा, "तुम्हीच करताय." बस्स. मी मनात म्हणायचे, अरे विचार ना त्याला काहीतरी! आणि मग एका सकाळी दादा पेपर वाचता वाचता खुर्चीतच गेला. दुखलं नाही, खुपलं नाही. रविवारचे पत्तेही संपले.

आता दादाबद्दल चार शब्द म्हणजे कुठून सुरुवात करायची?

लहानपणापासून उघडून बघायची खोड. घड्याळ उघडलं, रेडिओ उघडला, एकदा बाबांच्या दाढीचा ब्रश उघडला. त्यात उघडण्यासारखं काय असतं देव जाणे. फौजेत गेला तर तिथेही नेमकं तेच काम गळ्यात पडलं. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचे आणि निकामी करायचे. हे आम्हाला कळलं फार उशिरा. आई फोनवर विचारायची, "काय काम असतं रे तुला?" हा सांगायचा, "बागकाम." आईला अगदी शेवटपर्यंत वाटत होतं की मुलगा मोठ्या साहेबाची बाग बघतो. शेजारणीला सांगायची, "हात मातीत असला की मन शांत राहतं, आमच्या मुलाचं पहिल्यापासून तसंच."

मेजर होऊन परत आला. डावा कान तिकडेच ठेवून आला, बाकी सगळा आला. त्याला एका कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी लागली, आम्हाला वाटलं मार्गी लागला. मग त्याच्या तुकडीतल्या एकाची बातमी आली. काही महिन्यांनी दुसऱ्याची. जिथे पाऊल चुकलं की खेळ खल्लास, तिथून ही माणसं धड परत आली होती, आणि घरी येऊन, बायकापोरांच्या घरात, आपल्या हाताने गेली. दादा दोन्ही घरी जाऊन आला. दुसऱ्या घरून आला तो वर आलाच नाही, जिन्यातच बसला. मी खाली जाऊन विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, "आम्ही अख्खी जमीन साफ करून आलो गं. माणसं तशीच ठेवली."

आणि चाळिशी उलटल्यावर हा गृहस्थ नोकरी सोडून कॉलेजात जाऊन बसला! मानसशास्त्र शिकायला. पहिल्या दिवशी हा वर्गात शिरला तर सगळी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं प्राध्यापक आले. दादाही सवयीने म्हणाला, "बसा." मग जाऊन शेवटच्या बाकावर बसला. मुलांनी त्याला पहिल्या महिन्यात मेजरकाका करून टाकलं आणि त्याच्याच जवळ येऊन आपापली प्रेमप्रकरणं सांगायला लागली. माणूस शिकायच्या आधीच धंदा सुरू.

संख्याशास्त्रात मात्र आपटला. मेजर नापास! मी त्याला आठवडाभर सुखाने जगू दिलं नाही. पण पुढच्या खेपेला पास झाला ना, तेव्हा मला राहवेना. मी गाडी पुकारता पुकारता माईकवरून सांगून टाकलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, माझा भाऊ पास झालेला आहे." साहेबांनी मेमो दिला. प्रवाशांनी टाळ्या दिल्या. मेमोचं काय घेऊन बसलात, अजून चार मिळाले असते तरी मी म्हटलं असतंच.

चष्म्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्या घेऊन त्याने काम सुरू केलं. मला तिथे यायची बंदी. "कामाच्या वेळी नको," म्हणायचा, आणि त्याची कामाची वेळ दिवसभर असायची. तेव्हा वर काय चालतं, कसं चालतं, मला काडीची कल्पना नव्हती.

रस्त्यावर मात्र मला एक गोष्ट कळून चुकली. आम्ही बाजारात निघालो की समोरून येणारी काही माणसं दादाकडे बघायची आणि हा सरळ त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघायचा. आमच्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला, एवढा दांडगा माणूस, हातात पावाचं पुडकं देताना त्याच्याकडे किती मायेने बघायचा. आणि हा ढिम्म! मी म्हणायचे, "अरे, काही रीतभात? ओळख नाही का तुझी?" "कोणाची?" "बेकरीवाल्याची!" "छे." आणि कानाच्या पाळ्या लालभडक. खोटं बोलता यायचं नाही त्याला. मग कधीतरी माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्याला दादा ओळखत नाही, तो माणूस त्याच्याकडे येतो. त्याने ओळख दाखवायची नाही. त्या माणसाने आधी हाक मारली तरच बोलायचं. असा त्याचा नेम होता. या हिशेबाने अर्ध्या गावाला माझा भाऊ ओळखत नव्हता.

तर डॉक्टरीणबाईंचा फोन. त्या दादाबरोबर तिथेच काम करायच्या. म्हणाल्या, शनिवारी एक गट जमतो, बहुतेक सगळे फौजेतून आलेले. मेजर गेल्यापासून मंडळी येतात, जिन्यात, खोलीत थोडा वेळ उभी राहतात आणि जातात, बसून बोलणं काही होत नाही. "या शनिवारी त्यांची आठवण काढायला जमू या असं मी सुचवलं. त्यांनी मेजर बघितले, पण भाऊ म्हणून कसे होते ते त्यांना माहीत नाही. तुम्ही सांगा. तुम्ही यायला सगळ्यांची परवानगी घेतलीय मी. बाकी काही करू नका, खोली मी लावून ठेवलीय."

मी आणि बाकी काही करणार नाही? मी ढब्बूला म्हटलं, "चल. खुर्च्या उचलायला माणूस लागतो. मामाचं काम आहे, आणि डॉक्टरीणबाईंना मी सांगितलंय तू माझ्याबरोबर आहेस म्हणून." सांगितलं होतं, खरंच. त्यांनी तेवढ्यापुरतं त्या मंडळींनाही विचारून घेतलं होतं. ढब्बू कसा तयार झाला कोण जाणे. मामाचं नाव काढलं म्हणूनच असेल.

आम्ही वेळेच्या बरंच आधी पोचलो. किल्ली चष्मेवाल्याकडे होती. वर जाऊन बघते तर काय, सगळ्या खुर्च्या चहूकडे भिंतींना चिकटवून ठेवलेल्या, आणि एक उगाचच दारापाशी, दाराकडे पाठ करून एकटी. मला वाटलं, झाडू मारताना सरकवल्या असतील आणि तशाच राहिल्या. कसली खोली लावलीय ही! मी पदर खोचला. दादाचा फोटो खिडकीत ठेवला आणि त्याच्यासमोर खुर्च्यांच्या सरळ रांगा लावून घेतल्या, बसस्थानकातल्या प्रतीक्षालयात असतात तशा. तोंडं फोटोकडे, दार मागे. ढब्बू एक खुर्ची हातात धरून बराच वेळ उभा राहिला. "काय बघतोस? ठेव ना तिथे," मी म्हटलं. त्याने ठेवली.

मंडळी यायला लागली. पहिला आमचा बेकरीवाला. त्याला बघून मी मनात म्हटलं, आलास का बाबा, दादाची ओळख नसलेल्यांमधला पहिला! तो आत आला, रांगांकडे बघितलं, आणि कपाटाला पाठ लावून उभा राहिला. मग एक उंच बाई आल्या, फौजेच्या इस्पितळात नर्स होत्या असं नंतर कळलं. त्या कोपऱ्यात जाऊन उभ्या. लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण होता, तो तर उंबऱ्यातच थबकला, आतही येईना आणि बाहेरही जाईना. आणखी आले. सगळे भिंतींना. मधे खुर्च्या रिकाम्या, फोटोतला दादा रिकाम्या खुर्च्यांकडे बघून हसतोय.

माझं टाळकं सटकलं.

"अहो, बसा की!" मी म्हटलं. "खुर्च्यांना काय काटे आहेत? भावाच्या आठवणी काढायला आलात की भिंती पडू नयेत म्हणून टेकू द्यायला?"

कोणी हललं नाही. नर्सबाईंच्या कपाळावर घाम आला होता. बेकरीवाला जमिनीकडे बघत होता. डॉक्टरीणबाई जिन्यावरून धापा टाकत वर आल्या, रांगा बघितल्या आणि "अरे देवा" म्हणून कपाळाला हात लावला. पण मी एकदा सुरू झाले की सुरू झाले.

"एवढाच का मान त्याचा? माझ्या भावाने जन्म घालवला तुमच्यापायी! सख्ख्या बहिणीला या खोलीत येऊ दिलं नाही त्याने तुमच्यासाठी. रस्त्यात तुम्हाला त्रास नको म्हणून डोळे फिरवायचा, आणि मी त्याला माणूसघाणा म्हणायचे. तुम्हा सगळ्यांना बरं केलं त्याने. माझ्या पोराला नाही केलं! मला म्हणाला, मी मामा आहे. आता मामाही नाही आणि कोणीच नाही. आणि तुम्हाला त्याच्यासमोर दोन मिनिटं बसवत नाही?"

हे सगळं ढब्बूच्या देखत. बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मी वळून बघितलं तर तो मागच्या भिंतीला टेकून उभा. त्या सगळ्यांसारखाच. आता हा जिना उतरून जाणार, मला वाटलं, आणि पुन्हा कधी माझ्याबरोबर कुठे येणार नाही.

तो भिंतीपासून निघाला आणि माझ्याकडे आला. चिडला नव्हता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने नीट माझ्या डोळ्यांत बघितलं.

"आई, एक मिनिट गप्प बस," तो म्हणाला. "त्यांना बसायचंय. बसता येत नाहीये. दार मागे आलंय."

आणि त्याने पहिल्या रांगेतली खुर्ची उचलली, भिंतीला नेऊन लावली. दुसरी उचलली. बेकरीवाल्याने काही न बोलता तिसरी उचलली. दोघं मिळून भराभर लावत सुटले. मी मूर्खासारखी मधे उभी. आणि मग एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर यायला लागली. घरी हा टेबलावर कधी जेवत नाही, फ्रिजला पाठ लावून उभ्यानेच खातो. पलंग खिडकीपासून ओढून पार भिंतीत घुसवलाय. बाहेरच्या खोलीत बसला तर फक्त त्या एका कोपऱ्यातल्या स्टुलावर. मी त्याला म्हणत होते, काय रे ही थेरं! माझी खोली आवरून दे, पलंग मूळच्या जागी लाव! आणि हा "हो आई" म्हणून पुन्हा भिंतीला लावत होता.

खुर्च्या लागल्या तशी माणसं बसली. बसली म्हणजे एकदम खांदे उतरले सगळ्यांचे. लिफ्टवालाही उंबरा ओलांडून आत आला. एकच खुर्ची उरली, दारापाशी, दाराकडे पाठ. तिच्यावर कोणी बसेना.

"ही?" मी विचारलं.

"मेजरांची," बेकरीवाला म्हणाला. आवाज एवढ्याशा माणसाचा असावा तसा. "गोलात बसायचं म्हटलं की कोणाची तरी पाठ दाराकडे येणारच. पहिल्या दिवशी यावरूनच आम्ही सगळे उठून चाललो होतो. ते म्हणाले, माझी येऊ द्या. पण मला डावीकडचं ऐकू येत नाही, तेव्हा मागून कोण आलं ते तुम्ही सांगायचं. मग आम्ही सांगायचो. पोस्टमन आहे, मेजर. चष्मेवाले आहेत, मेजर. वारा आहे, कोणी नाही."

"आम्हाला वाटायचं आपण आता कोणाच्या उपयोगाचे नाही," नर्सबाई म्हणाल्या. "इथे आल्यावर पहिलं काम हेच. त्यांची पाठ सांभाळायची. ती सांभाळता सांभाळता कधी बोलायला लागलो, कळायचं नाही."

असा माझा भाऊ! जो माणूस कित्येक वर्षं प्रत्येक पाऊल बघून टाकत जगला, तो दर शनिवारी मुद्दाम पाठ उघडी टाकून या लोकांत बसायचा. त्याला भीती वाटत नसेल का? वाटत असणार. रविवारी आमच्याकडे आला की मानेला शेक घ्यायचा, म्हणायचा, "आखडलीय जरा." मला खूप रडू आलं, आणि त्याचबरोबर रागही आला, की अरे, हे मला कधी एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी पोराचा पलंग इकडून तिकडे करत बसले नसते! आजही मला वाटतं, त्याने तेवढं सांगायला हवं होतं.

डॉक्टरीणबाई त्या खुर्चीकडे निघाल्या होत्या. पण मी जवळ होते. मी बसले. का बसले ते नीट सांगता यायचं नाही. पाय दुखत होते हे एक. आणि समोरच्या भिंतीला माझा मुलगा बसला होता, मला त्याच्यासमोर बसायचं होतं.

"बसू का मी इथे?" बसल्यावर विचारलं. डॉक्टरीणबाईंनी एकेकाकडे बघितलं. एकेकाने मान हलवली. मग त्यांनी ढब्बूकडे बघितलं, आणि त्यानेही हलवली.

कोणी बोलेना. मीसुद्धा नाही, म्हणजे बघा. एवढ्यात जिन्यात पाऊल वाजलं. सगळ्यांच्या नजरा एकदम माझ्या डोक्यावरून मागे गेल्या. माझ्या मानेवर काटा आला. वळून बघावंसं वाटत होतं, इतकं वाटत होतं की विचारू नका. मी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि ढब्बूकडे बघत राहिले.

"आई, चष्मेवाले काका आहेत," ढब्बू म्हणाला. "चहा घेऊन आलेत. ट्रे ठेवतायत. हं, निघाले. गेले."

आणि तो थांबला नाही. त्याच आवाजात, दाराकडे बघत, पुढे बोलत राहिला.

"ताफ्यात माझ्या पुढे मिश्याची गाडी असायची," तो म्हणाला. "त्या दिवशी सकाळी त्याचा दिवा फुटलेला होता. मीच म्हटलं, तू माझ्या मागे ये, मी पुढे राहतो. रस्ताभर मी त्याला आरशात बघत होतो. तो मला वेडावून दाखवत होता. मग वळण आलं. वळणानंतर मी आरशात बघितलं तर धूर होता. गाडीच नव्हती."

तुझा काय दोष, असं कोणी म्हटलं नाही. मी म्हणणार होते, ओठांवर आलं होतं, पण बेकरीवाल्याने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली आणि मी ते गिळलं. ढब्बूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"मिश्या का म्हणायचे त्याला?" बऱ्याच वेळाने नर्सबाईंनी विचारलं.

"मिश्या फुटतच नव्हत्या त्याला, म्हणून," ढब्बू म्हणाला. "रोज आरशात बघायचा, आल्या का, आल्या का."

लिफ्टवाला फस्सकन हसला आणि लगेच तोंडावर हात ठेवून ओशाळला. पण ढब्बूही हसला. नाकाने, रडत रडत, पण हसलाच. मग बेकरीवाला हसला, मग सगळेच. मी तो आवाज किती महिन्यांत ऐकला नव्हता. त्याचं हसणं लहानपणापासून असंच, आधी नाकातून येतं.

चहा गार झाला होता, तरी सगळ्यांनी घेतला. मला दादाबद्दल बोलायला सांगितलं तेव्हा मी बागकामाची गोष्ट सांगितली. "बागकाम!" बेकरीवाला मांडीवर थाप मारून म्हणाला. "आम्हाला सांगायचे, आईला एवढं एकच खोटं पटलं." मग प्रत्येकाला काही ना काही आठवलं आणि मी निम्म्याहून जास्त वेळ नुसती ऐकत बसले.

निघायच्या वेळी माणसं जिना उतरत होती. ढब्बू कप गोळा करत होता. ते ट्रेमध्ये ठेवून तो डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभा राहिला. मी तिकडे बघत नाही असं दाखवत पर्स उघडून उगाच काहीतरी शोधत होते.

"तुम्ही सोमवारी असता का इथे?" त्याने विचारलं.

"असते. सकाळी."

"मग मी येतो," तो म्हणाला. माझ्याकडे बघून थोडा थांबला. "एकटा येतो."

"या," त्या म्हणाल्या.

मी पर्समध्ये तोंड खुपसून रडले. लाज कशाची? पोरगं येतो म्हणालं होतं. सोमवारी येतो म्हणाला, म्हणजे सोमवारी तो असणार होता.